तांब्याची पट्टी, शिवणीचा धागा की मायक्रोबिट? हस्तकलेत इलेक्ट्रॉनिक्स आणायचं तर सुरुवात कुठून करावी

हात लावला की उजळणारं शुभेच्छापत्र, कुशीत घेतली की गुणगुणणारी गोधडी, संबळ वाजू लागला की डोळे उघडणारा मुखवटा. अशी वस्तू करायची इच्छा झाली की पहिली अडचण येते ती सामानाची. काय विकत घ्यायचं? ऑनलाइन शोधलं तर किटांची रांग समोर येते आणि त्यातली बहुतेक किटं गाडी नाहीतर रोबोट करायला शिकवतात. ज्यांना कागद, कापड, बांबू, माती हाताळायला आवडतं त्यांच्या ती फारशी उपयोगाची नाहीत.

म्हणून इथे तीन वाटा शेजारी शेजारी ठेवते आहे. पहिली, कागदावर तांब्याची चिकटपट्टी लावून केलेलं सर्किट. दुसरी, कापडावर वीजवाहक धाग्याने शिवलेलं सर्किट. तिसरी, पुठ्ठ्याची, लाकडाची किंवा कागदाच्या लगद्याची वस्तू आणि तिच्या पोटात मायक्रोबिट किंवा आर्डुइनोसारखा बोर्ड, म्हणजे तळहातात मावणारा छोटा संगणक. माझं मत आधीच सांगते. जी कला तुमच्या हाताला येते तिच्याच वाटेने जा आणि इलेक्ट्रॉनिक्स त्या वस्तूला गरज असेल तेवढंच घ्या. शिवणाऱ्या बाईने आधी आर्डुइनो शिकून मग कापडाकडे वळायचं, हा क्रम मला उलटा वाटतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. संशोधक लिआ ब्यूक्ली यांनी घडवलेला लिलीपॅड आर्डुइनो २००७ मध्ये बाजारात आला. कापडावर शिवता यावा म्हणून तो गोल आणि चपटा, कडेने टाके घालायला भोकं असलेला. आतली चिप नेहमीच्या आर्डुइनोच्या जातीचीच. पण २०१० मध्ये ब्यूक्ली आणि बेंजामिन माको हिल यांनी पाहणी केली तेव्हा लिलीपॅडवर काम करणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण आर्डुइनोपेक्षा कितीतरी जास्त दिसलं. तंत्र साधारण तेच, पण ते सुईदोऱ्याच्या ओळखीच्या जगात आलं आणि वेगळी माणसं कामाला लागली. नाशकासारख्या ठिकाणी मला हे फार मोलाचं वाटतं. एका बाजूला येवल्याचे विणकर, जुन्या नाशकातली तांबट लेन, सुरगाण्याकडचं बांबूकाम, घरोघरचं भरतकाम आहे. दुसऱ्या बाजूला सातपूर-अंबडमध्ये पॅनेल जोडणारे कुशल हात आणि एम. जी. रोडवर मोबाइल उघडून बसलेले दुरुस्तीवाले आहेत. एका वस्तूवर या दोघांनी मिळून काम केल्याचं मात्र क्वचितच दिसतं.

कागद आणि तांब्याची पट्टी

ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर फळ देणारी वाट. सामान थोडं लागतं: पाच-सहा मिलिमीटर रुंदीची तांब्याची चिकटपट्टी, एलईडी, सीआर २०३२ हा बटण सेल आणि एक काळी बाइंडर क्लिप. सेल ३ व्होल्टचा असतो. तो कागदाच्या दुमडीत ठेवून क्लिपने दाबला की वेगळा होल्डर लागत नाही. एका संध्याकाळी पहिलं कार्ड उजळतं.

पट्टीबद्दल एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. बऱ्याच पट्ट्यांचा गोंद वीज वाहत नाही. त्यामुळे एका तुकड्यावर दुसरा तुकडा नुसता चिकटवला तर वरून तांब्याला तांबं लागलेलं दिसतं, पण मधे गोंदाचा थर असतो आणि दिवा लागत नाही. वळणावर पट्टी कापायची नाही, घडी घालून वळवायची. जोड द्यावाच लागला तर तिथे सोल्डरचा, म्हणजे वितळवून जोड पक्का करणाऱ्या धातूचा, थेंब द्यायचा. वीज वाहणाऱ्या गोंदाची पट्टीही मिळते, थोडी महाग पडते. शाळेसाठी घेत असाल तर तीच घ्या, निम्मी डोकेदुखी वाचते.

रंगांबद्दलही सांगायला हवं, कारण दिवाळीचं कार्ड म्हटलं की सगळ्यांना लाल आणि पांढरा दिवा एकत्र हवा असतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्या आणि निळ्याला ३ च्या आसपास लागतात. दोन्ही एकाच सेलवर समांतर जोडले की लाल दिवा बहुतेक सगळा प्रवाह ओढून घेतो आणि पांढरा मंद राहतो किंवा लागतच नाही. एक तर सगळे दिवे एका जातीचे घ्या, नाहीतर दर दिव्याला प्रवाह आवरणारा वेगळा रेझिस्टर द्या. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो: सगळे दिवे पांढरेच लावायचे आणि रंग वरच्या पतंगाच्या कागदाला देऊ द्यायचा. प्रकाश त्या कागदातून गाळून येतो तेव्हा उघड्या एलईडीचा बोचरेपणा जातो. येवल्याच्या संक्रांतीला पतंग पाहिलेल्या माणसाला ताव निवडायला शिकवावं लागत नाही.

कागदाचं खरं बळ स्विचमध्ये आहे. पान उलटलं की दिवा लागतो, खिडकी उघडली की लागतो, कोपरा दुमडला की लागतो. म्हणजे वाचणाऱ्याची हालचाल हाच स्विच होतो. जी ची यांनी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये कागदी सर्किटांवर केलेलं काम याच अंगाने पाहण्यासारखं आहे. पुढे त्यांच्या चिबिट्रॉनिक्स या कंपनीने कागदावर चिकटवता येणारे एलईडी आणले. ६बी पेन्सिलने गडद पट्टा ओढला तर ग्राफाइटमधून थोडी वीज जाते. पट्ट्यावर तार सरकवली की दिवा कमीजास्त होतो. चित्राच्या रेघेनेच उजेड मंद होतो, हे पाहिल्यावर मुलं दुसरं काही मागत नाहीत.

उणिवा दोन. घडीवर पट्टी पुन्हा पुन्हा वाकली की तुटते. दिसायला अखंड, पण आत बारीक चीर. जिथे घडी पडणार तिथे पट्टीऐवजी बारीक लवचिक तार टाका. दुसरी उणीव पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट होतो, गोंद सुटतो, तांबं काळं पडतं. कागदी काम दिवाळी ते होळी या दिवसांत करावं आणि पावसाळ्यासाठी कापड ठेवावं, असं मी सांगेन.

बटण सेलबद्दल गंभीरपणे सांगते. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजल्यासारखी खोल इजा होऊ शकते. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर उघड्या सेलचं कार्ड करू नका. स्क्रूने बंद होणारा होल्डर घ्या आणि वापरलेले सेलही मोजून ठेवा.

कापड आणि वीजवाहक धागा

ही वाट हळू आहे, महाग आहे आणि माझ्या मते तिघींत सर्वांत जास्त बोलकी आहे. कागदी वस्तू माणूस पाहतो, कापडी वस्तू अंगावर घेतो. गोधडी, उशी, बाहुली, झबलं यांना माणूस न सांगता हात लावतो. स्पर्शाला उत्तर देणारी वस्तू करायची तर ज्या वस्तूला स्पर्श होणारच आहे तिच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

वीजवाहक धागा मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो, स्टेनलेस स्टीलचा आणि चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा. स्टीलचा टिकाऊ असतो, पण त्याला नेहमीचं सोल्डर धरत नाही. म्हणून प्रत्येक जोड टाक्यांचाच: बोर्डाच्या भोकातून तीन-चार वेळा घट्ट वेढे घ्यायचे. चांदीचा मऊ असतो आणि हवेने हळूहळू काळा पडतो. दोन्ही धागे तारेइतके चांगले वाहक नसतात. स्टीलच्या धाग्यात फुटाफुटाला रोध वाढत जातो, त्यामुळे सेलजवळचा दिवा प्रखर आणि टोकाचा मंद असं होतं. उपाय साधा आहे. सेल कापडाच्या मध्यावर ठेवा, वाटा आखूड ठेवा आणि लांब अंतराला धागा दुहेरी घ्या.

शिवायला धावदोरा पुरतो. एलईडीचे पाय पकडीने वळवून त्यांचे वेटोळे करायचे, अधिकचं गोल आणि उण्याचं चौकोनी. मग अंधारातही बोटांना फरक कळतो. गाठीची शेपटी मोकळी सोडली तर ती शेजारच्या धाग्याला टेकून शॉर्ट होतं, म्हणून गाठीवर नेलपॉलिशचा थेंब द्यायचा आणि मग शेपटी कापायची. दोन वाटा एकमेकींना छेदणार असतील तर मधे कापडाचा तुकडा घाला. गोधडीत तर थर आयतेच असतात. अधिकची वाट वरच्या थरावर, उण्याची खालच्या थरावर, मधे जुनी साडी. मधल्या साडीला एका जागी भोक ठेवलं की तिथे दाबल्यावर दोन्ही थर टेकतात आणि दाबण्याचा स्विच तयार होतो. आजीच्या हातची गोधडी मांडीवर घेऊन बघा. तिची रचना या कामासाठी इतकी योग्य आहे की कापडी सर्किट शिकवायला याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही.

स्विच शिवणाच्या डब्यातच असतात. टिचबटण लावलं की सर्किट पूर्ण, काढलं की तुटलं. ब्लाउजचा हुक आणि आयसुद्धा चालतो. धातूची चेन चालते, प्लास्टिकची नाही.

आता जरीकडे येते. नाशिक जिल्ह्यात बसून कापडी सर्किटांबद्दल लिहायचं आणि येवल्याची पैठणी सोडून द्यायची, हे मला जमणार नाही. १९९७ मध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी एमआयटीत कापडी सर्किटांवर जे सुरुवातीचं काम मांडलं, त्यात त्यांनी रेशमी धाग्यावर धातूचा पातळ पत्रा गुंडाळून विणलेलं ऑर्गेन्झा हे तलम कापड वापरलं होतं. रेशमाच्या गाभ्यावर धातू, म्हणजे आपल्या जरीचीच घडण.

पण बाजारातली प्रत्येक जर वीज वाहत नाही. खऱ्या जरीत सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळलेली असते. नकली जरीत तीच जागा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची. या दोन्हींत वीज जाते. तिसरी प्लास्टिकची. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर धातूची वाफ धरवून वर लाखेसारखा थर दिलेला असतो. ती दिसायला सर्वांत चमकदार, पण मीटर लावला तर बहुतेक वेळा गप्प. डोळ्यांनी फरक कळत नाही. मल्टिमीटर (वीज तपासायचं हातातलं यंत्र) कंटिन्युइटीवर, म्हणजे वाट जोडलेली आहे का हे सांगणाऱ्या खुणेवर ठेवा आणि दोन्ही टोकं जरीला दोन बोटांच्या अंतरावर टेकवा. बीप आला तर कामाची.

आणखी एक बारकावा. विणलेल्या पदरात जरीचा धागा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे आणि परत असा सलग फिरलेला असतो. त्यामुळे त्या पट्ट्यात ‘अधिक’ आणि ‘उणे’ अशा दोन वेगळ्या वाटा काढता येत नाहीत, तो सगळा भाग मिळून एकच वाहक पत्रा होतो. दिव्यांच्या जोडणीला हे अडचणीचं, पण स्पर्श ओळखणाऱ्या सेन्सरला नेमकं हवं ते हेच. जुन्या, विरलेल्या पैठणीचा कापून ठेवलेला काठ उशीच्या अभ्र्याला लावा, आतून एका टोकाला टच मॉड्यूलची, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या छोट्या तयार सर्किटची (त्याबद्दल पुढे सांगते), तार टाक्यांनी बांधा. पूर्ण काठ स्पर्शाला उत्तर देऊ लागतो. चांगल्या पैठणीला मात्र यासाठी कात्री लावू नका. कोणा विणकराच्या महिनोन् महिन्यांच्या कामापुढे आपला प्रयोग लहान आहे. उरलेले तुकडे, डाग पडलेले काठ, सुटा जरीचा धागा एवढ्यात भागतं.

धुण्याबद्दल सगळे विचारतात. सेल काढा, हाताने धुवा, पिळू नका, पूर्ण वाळेपर्यंत सेल लावू नका. मशीनमध्ये टाकायची वस्तू असेल तर सर्किट वेगळ्या पट्टीवर शिवा आणि ती पट्टी टिचबटणांनी लावा. रिचार्ज होणारी लिथियम पॉलिमर बॅटरी नव्या माणसाने कपड्यात शिवू नये. ती टोचली किंवा चेपली गेली तर पेट घेऊ शकते.

पोटात छोटा संगणक

पुठ्ठा, लाकूड, बांबू, लगदा यांना आकार आहे, पोकळी आहे, हलता भाग आहे. तिथे बोर्ड लपतो, मोटर बसते, आवाज घुमतो. तिसरी वाट खरी इथली.

नव्या माणसासाठी निवड दोनच बोर्डांत करावी. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया इथे विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. उनो या त्याच्या रूपाला १४ डिजिटल आणि ६ ॲनालॉग पिना, म्हणजे तारा जोडायच्या जागा, आहेत. त्याचे क्लोन, म्हणजे दुसऱ्यांनी केलेले हुबेहूब बोर्ड, स्वस्त मिळतात, दुरुस्तीवाले आणि इंजिनिअरिंगची मुलं त्याला ओळखतात, अडलं तर शेजारी कोणीतरी सापडतं. मायक्रोबिट बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटला गेला. क्लोन उनोच्या मानाने तो बराच महाग आहे. पण २०२० च्या आवृत्तीत २५ दिव्यांची जाळी, हालचाल ओळखणारा सेन्सर, मायक्रोफोन, स्पीकर आणि स्पर्श ओळखणारा लोगो हे सगळं बोर्डावरच आहे. कोड पडद्यावर ठोकळे जोडून लिहिता येतो.

मी हस्तकला करणाऱ्याला मायक्रोबिट सुचवेन, किंमत जास्त असूनही. कारण त्याच्या संध्याकाळी सेन्सरच्या तारा शोधण्यात जायला नकोत, मुखवट्याच्या भुवया कोरण्यात जायला हव्यात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला उलट सांगेन. तू क्लोन उनो घे आणि उरलेले पैसे चांगल्या कात्रीवर, रंगांवर, पुठ्ठ्यावर घाल. तुला कोड येतो, हात बसवायचा आहे.

मुखवट्याचं उदाहरण सहज दिलेलं नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या आदिवासी भागात बोहाड्याला, म्हणजे सोंगांच्या उत्सवाला, देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, संबळाच्या तालावर नाचतात. ते मुखवटे पूजेचे आहेत, त्यांना भोक पाडायचा विचारही करू नये. पण त्या घडणीपासून शिकून स्वतःचा मुखवटा करता येतो: जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, मेथीची पूड किंवा खळ, मातीचा साचा, वर रंग. आत मायक्रोबिट. आवाजाची पातळी वाढली की डोळ्यांमागचे दिवे उजळतील, थांबली की हळूहळू विझतील. हे ‘हळूहळू’ फार महत्त्वाचं आहे. झटकन लागणारा-विझणारा दिवा ट्रॅफिक सिग्नलसारखा वाटतो. तोच दिवा सावकाश उजळला आणि मावळला की वस्तूत जीव असल्याचा भास होतो.

या वाटेचं ओझं विजेचं आहे. उनो काहीही न करता बसला तरी साधारण ४०-५० मिलिअँपिअर खातो. बटण सेलला ते झेपत नाही. म्हणजे पॉवर बँक किंवा पेन्सिल सेलांचा डबा आला, वजन आलं, जागा आली. पॉवर बँकेचीही एक खोड आहे. ओढला जाणारा प्रवाह फार कमी असेल तर मोबाइल चार्ज झाला असं समजून ती बंद होते आणि वस्तू प्रदर्शनात मधेच मान टाकते. मायक्रोबिटला दोन ट्रिपल-ए सेलांचा डबा पुरतो, पण मोटर चालवायची असेल तर मोटरला वेगळी वीज द्या.

लेझर कटिंगचा मोह इथेच होतो. नेमप्लेट आणि ट्रॉफी करणाऱ्यांकडे ते होतं, छानही दिसतं. पहिली वस्तू मात्र हाताने कापा. हाताने कापताना आकार बदलत जातो आणि वस्तूचा स्वभाव तिथेच ठरतो.

प्रोसेसर न घेता स्पर्श

या तीन वाटांच्या मधे एक जागा आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. स्पर्श ओळखायला दर वेळी संगणक लागत नाही. टीटीपी २२३ नावाचं नखाएवढं मॉड्यूल २ ते ५.५ व्होल्टवर चालतं. त्याला कोड लिहावा लागत नाही. पॅडला तार जोडून ती जरीच्या काठाला, तांब्याच्या भांड्याला किंवा पट्टीने काढलेल्या पानाफुलांना लावली की तो सगळा भाग स्विच होतो. पॅड फार मोठा केला तर ते गोंधळतं, म्हणून आकार वाढवत वाढवत तपासा.

त्याहून स्वस्त म्हणजे दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर एकामागे एक जोडणं. बोटाने दोन तारांमधली फट जोडली की त्वचेतून जाणारा अगदी सूक्ष्म प्रवाह हजारो पट वाढून एलईडी लागतो. तीन पेन्सिल सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, एलईडीला २२० ओमचा रेझिस्टर, बेसच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या सूक्ष्म प्रवाह घेणाऱ्या पायाच्या, वाटेत १० किलोओमचा. या जोडणीत दोन माणसं हात धरून उभी राहिली आणि दोघांनी एकेका तारेला बोट लावलं तरी दिवा लागतो. साखरपुड्याच्या भेटीसाठी, आजी-नातवाच्या खेळण्यासाठी याहून सुंदर कल्पना नाही आणि खर्च चहा-भज्यांएवढा. फक्त जानेवारीच्या कोरड्या थंडीत सकाळी हात इतके शुष्क असतात की दिवा मंद लागतो. बोटाला किंचित ओलावा किंवा तेल नसलेलं क्रीम लावलं की भागतं. टीटीपी २२३ ला हा त्रास नाही.

मेकी मेकी हा २०१२ चा जय सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांचा बोर्डही त्वचेतून वीज नेण्याच्या याच तत्त्वावर चालतो. पण तो संगणकाला कीबोर्ड म्हणून जोडला जातो. लॅपटॉप शेजारी ठेवायची तयारी असेल आणि आवाज, गोष्ट, गाणं हवं असेल तर घ्या. स्वतंत्र वस्तू हवी असेल तर नको.

अगदी लहान मुलांसाठी मिठाची कणीक. मीठ आणि लिंबू घातलेली कणीक वीज वाहते, साखर-तेलाची जवळजवळ वाहत नाही. एलईडीचे पाय कणकेच्या दोन गोळ्यांत खुपसायचे, गोळे एकमेकांना टेकवायचे नाहीत. पेन्सिल सेलांच्या डब्याच्या तारा गोळ्यांतच खुपसायच्या, डब्याला थेट एलईडी जोडायची नाही.

निवड करताना

एक वाक्य कागदावर लिहा: ‘कोणी अमुक केलं की वस्तू तमुक करेल.’ वाक्य तिथेच संपलं तर प्रोसेसर नको. कागद किंवा कापड, आणि फार तर टीटीपी २२३. वाक्यात ‘तिसऱ्यांदा’, ‘थोड्या वेळाने’, ‘आधीचं आठवून’, ‘तालावर’ असे शब्द आले तरच बोर्ड घ्या. एकटं ‘हळूहळू’ आलं तर आधी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा भाग, लावून बघा. स्विच सोडल्यावर दिवा लगेच न जाता मावळतो. कित्येक वस्तूंना तेवढं पुरतं.

चित्रकलेच्या शिक्षकांनी चाळीस मुलांच्या वर्गासाठी कागदच घ्यावा. चूक डोळ्यांना दिसते, मुलं एकमेकांची दुरुस्त करतात, सामान वर्गणीतून येतं. धाग्याचं सर्किट वर्गात शिकवायचं तर दहा-बारा मुलांपलीकडे जाऊ नये, कारण प्रत्येक गाठ तपासावी लागते. घरी भरतकाम किंवा शिवण करणाऱ्या ताई-काकूंनी कागदाला वेळ न देता थेट कापडाला हात घालावा. फक्त शिवण्याआधी सर्किट खऱ्या आकारात कागदावर पट्टीने चिकटवून एकदा चालवून बघावं. धाग्याची उसवण कंटाळवाणी असते, पट्टी उचलून दुसरीकडे लावता येते.

गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांनी देखाव्यासाठी तिसरी वाट घ्यावी, पण लोक काय करतील हे आधी ठरवावं. हजारो माणसं रांगेने पुढे सरकत असतात, थांबून बटण दाबायला कोणाला सवड नसते. तिथे जवळ येणारं माणूस ओळखणारा सेन्सर लावावा. पुठ्ठा-कापड-लगद्याच्या कामात घरातली २३० व्होल्टची वीज आत आणू नये. बाहेर ५ व्होल्टचा चांगला अडॅप्टर, आत फक्त ५ व्होल्ट. मांडवावर पाऊस असतो, जमीन ओली असते, लहान मुलं हात लावतात.

तांबटकाम, बांबूकाम, कुंभारकाम करणाऱ्यांनी या तिन्हींतली कुठलीच वाट पूर्ण घेऊ नये. तांब्याचं भांडं स्वतःच स्पर्शाचं पॅड आहे, त्यामागे एक मॉड्यूल पुरतं. बांबू पोकळ आहे, तार आतून जाते. तुमच्या कामाला फक्त एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची सोबत हवी आहे आणि ती एम. जी. रोडवर एखाद्या दुपारी, दुकानात गर्दी नसताना, मागितली तर मिळते.

पैसे कमी असतील तर पहिली खरेदी बोर्डाची नको, मल्टिमीटरची करा. साधा डिजिटल चालतो, फक्त कंटिन्युइटीचा बीप असलेला घ्या. पट्टीचा जोड, धाग्याची गाठ, जरीची जात, तुटलेली तार या सगळ्यांचा निकाल तोच देतो. त्यानंतर २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि बारीक सोल्डर. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे इनॅमलच्या बारीक तारेचे उरलेले तुकडे मागून बघा. ती तार केसासारखी बारीक आणि लवचिक असते, कागदाच्या घडीत आणि बाहुलीच्या हातात छान लपते. टोकावरचं इनॅमल मात्र ब्लेडने खरवडून काढायचं, नाहीतर वीज जात नाही.